३ के ४ : एका झडपेचं रसग्रहण

पाटी विड्याच्या पानाएवढी. स्टेनलेस स्टीलची, कोपऱ्यांना रिव्हेट, वर हंगामभराच्या बगॅसची धूळ आणि तेलाचा चिकट थर. चिंधीला जरासं रॉकेल लावून पुसलं की कोरलेली अक्षरं वर येतात. पहिली ओळ : ३ के ४.

नवशिका होतो तेव्हा ही ओळ मी स्टोअरच्या वहीत उतरवून घेतली आणि विसरून गेलो. आता कारखान्यातली तीस वर्षं सरल्यावर तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. साखर कारखान्यात बॉयलरची बहुतेक वाफ टर्बाइनला जाते. थोडी वाफ दाब उतरवून इतर कामांसाठी एका वेगळ्या हेडरमध्ये, म्हणजे वाफ वाटून देणाऱ्या जाड पाइपात, घेतात. त्या हेडरच्या डोक्यावर ही झडप उभी आहे. कामगार तिला नुसतं ‘सेफ्टी’ म्हणतात. सेफ्टी गळतेय, सेफ्टी उडाली, सेफ्टी बसली. या तीन वाक्यांत तिचं सगळं चरित्र आलं.

३ म्हणजे वाफ आत येते ते तोंड, तीन इंचाचं. ४ म्हणजे ती बाहेर जाते ते, चार इंचाचं. आत येताना अरुंद आणि जाताना रुंद, कारण दाब सुटला की वाफ पसरते, तिला जागा लागते. मधला ‘के’ हा खरा जीव. आतल्या नॉझलचा गळा किती मोठा, ते हे अक्षर सांगतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ५२६ क्रमांकाच्या मानकात अशा गळ्यांची एक बाराखडीच आहे, डीपासून टीपर्यंत. डी म्हणजे पाऊण चौरस सेंटिमीटरलाही थोडा कमी, करंगळीचं टोक जेमतेम शिरेल एवढा. टी म्हणजे १६८ चौरस सेंटिमीटर, नाश्त्याच्या बशीएवढा. के साधारण ११.९. या बाराखडीत आय नाही आणि ओ नाही. अंधारात, घाईत, काजळलेल्या पाटीवर कुणी एक किंवा शून्य समजावं अशी अक्षरं तिथे नाहीतच. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवसापासून मी ही पाटी नुसती वाचत नाही, तिचा आस्वाद घेतो.

खालच्या ओळीत सेट प्रेशर, १० किलो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. आमच्याकडे ‘किलो’ एवढंच म्हणतात. त्याच्या खाली आणखी एक दाब : १०.३. वरवर वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटेल. एकाच झडपेचे दोन दाब कसे? पण पाटीवरची सगळ्यात समंजस ओळ हीच. झडप राबणार तापलेल्या वाफेवर, आणि तिची जुळणी होणार वर्कशॉपच्या टेबलावर, थंड हवेवर. तापल्यावर स्प्रिंग किंचित सैलावते, बॉडी प्रसरण पावते, त्यामुळे टेबलावर नेमकी १० ला उघडणारी झडप हेडरवर त्याच्या आधीच उघडेल. म्हणून थंड असताना तिला किती चढी लावायची ते बनवणाऱ्यानं वेगळं कोरून ठेवलं आहे. हा दुसरा आकडा न वाचता झडप लावणारे फिटर मी पाहिले आहेत. झडप हंगामभर गळत राहते, आणि बोल लावला जातो स्प्रिंगला.

आता थोडा हिशोब. के गळ्याचं क्षेत्रफळ ११.९, दाब १०. म्हणजे उघडण्याच्या क्षणी वाफ गळ्यावरच्या चकतीला जवळजवळ १२० किलोंनी वर रेटत असते. दोन धडधाकट माणसं तिच्यावर उभी राहावीत, तेवढं वजन. वरून स्प्रिंग तिला तेवढ्याच जोरानं खाली दाबते. हेडरचा रोजचा दाब साडेआठ. तेव्हा वाफेचा रेटा १०१ किलोंचा आणि स्प्रिंगचा ११९ चा. झडप मिटून राहते ती मधल्या अठरा किलोंच्या जोरावर. दाब ९.७ वर चढला तर हे अठराचे साडेतीन होतात. साडेतीन किलोंनी दाबलेल्या दोन धातूंच्या फटीतून वाफ सुईसारखी निसटायला लागते, आणि ती सुई स्टीलसुद्धा चिरते. म्हणून चालू दाब आणि सेट दाब यांत दहा टक्के तरी अंतर ठेवा, असं जे सांगतात, तो पुस्तकी नियम नाही. ते या साडेतीन किलोंचं गणित आहे. उसाचा लोंढा आला की ऑपरेटरला दाब वर ठेवण्याचा मोह होतो. तो दाब त्याला मीटरवर दिसतो. झडपेच्या बुडाशी किती किलो शिल्लक राहिले, ते दिसत नाही.

चकती आणि नॉझल जिथे टेकतात ती जागा मला या सगळ्या रचनेतली सगळ्यात सुंदर जागा वाटते. तिथे गॅस्केट नाही, रबर नाही. नुसता धातूवर धातू. बिडाच्या सपाट लाडीवर बारीक पेस्ट लावून, इंग्रजी आठाच्या आकारात हात फिरवत फिरवत हे पृष्ठभाग घासतात. लॅपिंग म्हणतात त्याला. चांगला लॅपिंग करणारा मिस्त्री बोलत नाही. हाताखालचा आवाज बदलला की थांबतो. त्याच्या कामाची परीक्षाही त्याच्या कामाइतकीच नाजूक. झडपेला सेट दाबाच्या ९० टक्के हवा देतात, बाहेरच्या तोंडाला एक बारीक नळी जोडतात, नळीचं टोक पाण्यात अर्धा इंच बुडवतात आणि बुडबुडे मोजतात. आमच्या मापाच्या झडपेला मिनिटाला वीस बुडबुडे चालतात. त्याहून जास्त आले की पुन्हा लाडीवर. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू आहे, क्रेन फिरते आहे, आणि एका कोपऱ्यात दोन माणसं श्वास धरून पाण्याच्या बरणीकडे बघत बसली आहेत, हे दृश्य ज्यानं पाहिलं त्याला अचूकपणा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

ती उघडते कशी, हे मात्र नीट वाचायला हवं. साधी कल्पना अशी असते की दाब वाढेल तशी झडप थोडी थोडी उघडत जाईल. पण उघडता उघडता स्प्रिंग आणखी दाबली जाते, म्हणजे जास्त विरोध करते. नुसती चकती आणि नुसती स्प्रिंग असती तर झडप किलकिली होऊन तिथेच थबकली असती, आणि हेडरचा दाब मात्र वर जात राहिला असता. त्यावर शोधलेला उपाय मला थोर वाटतो. चकतीच्या कडेला बाहेरून एक ओठ ठेवला आणि नॉझलभोवती एक रिंग. मधे एक छोटीशी पोकळी. पहिली वाफ फटीतून निसटते ती थेट बाहेर पळत नाही. त्या पोकळीत अडखळते आणि ओठाला खालून धरते. आता तिला रेटायला आधीपेक्षा मोठं क्षेत्रफळ मिळालं. जोर एकदम वाढतो आणि झडप फटकन पूर्ण उघडते. चुलीवरचं दूध आठवा. बराच वेळ काही नाही, कडेला जरा हालचाल, आणि मग एका क्षणात सगळं वर. फरक एवढाच की दुधाचं उतू जाणं बेसावध क्षणी गाठतं, आणि इथे ते घडवून आणलेलं आहे.

आणि हाच मोठा झालेला पृष्ठभाग तिला मिटू देताना आडवा येतो. दाब परत १० वर आला तरी ती मिटत नाही, कारण आता वाफेच्या हाताला जास्त जागा आहे. ती मिटते साडेनऊच्या आसपास. उघडण्याचा एक दाब आणि मिटण्याचा दुसरा, यांतल्या अंतराला ब्लोडाउन म्हणतात. रिंग एक-दोन दात फिरवून ते कमी-जास्त करता येतं. मला हे अंतर म्हणजे या रचनेतला विराम वाटतो. तो नसता तर झडप १० ला उघडली असती, ९.९९ ला मिटली असती, पुन्हा उघडली असती. असं थडथडणं खरोखर होतं, आणि झालं की एका रात्रीत बूड फुटून जातं. आत येणारा पाइप लांब किंवा बारीक असला तर तेच होतं : झडप उघडताच पाइपातल्या घर्षणानं तिच्या तोंडाशी दाब पडतो, ती मिटते, दाब पुन्हा येतो, ती उघडते. म्हणून येणाऱ्या पाइपातली ही तूट सेट दाबाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवतात. जागा नाही म्हणून झडप दोन बेंड घालून लांब नेऊन बसवली, हे वाक्य जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा माझ्या कानात ते थडथडणं वाजतं.

या कुळाचा मूळ पुरुष स्वयंपाकघरातला आहे. देनी पापँ हा फ्रेंच माणूस १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचं भांडं घेऊन आला. हाडं शिजवून मऊ करायची, हा त्याचा उद्देश. दाबाचं भांडं म्हणजे फुटण्याची धास्ती. म्हणून झाकणाला एक छिद्र, छिद्रावर झाकणी, झाकणीवर दांडी आणि दांडीवर सरकतं वजन, अशी सोय त्यानं केली. आपल्या ओट्यावरचा कुकर हा त्याच घराण्यातला. शिट्टीच्या खालचं छिद्र तीन मिलिमीटरचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ सात चौरस मिलिमीटर, आणि एक किलो दाब धरून ठेवायला लागणारं वजन सत्तर ग्रॅम. सत्तर ग्रॅमचा तो धातूचा ठोकळा डाळीला १२० अंशांपर्यंत नेतो. आणि तो अडकलाच, म्हणजे चिंचेचं साल किंवा डाळीचं टरफल छिद्रात बसलंच, तर झाकणावर दुसरी एक झडप आहे, जिच्यातला मिश्रधातू जास्त उष्णतेनं वितळतो. आईनं ती वितळलेली झडप बदलायला मला पेठेत पाठवलं होतं, आणि ‘कंपनीचीच आण, दुसरी नको’ असं बजावलं होतं. कुठलंही मॅन्युअल न वाचता ती बोलली, पण सुट्या भागांबाबत मी पुढे जे जे शिकलो ते सगळं त्या वाक्यात होतं.

वजनाच्या झडपेत एक मोठं व्यंग होतं. तिच्यावर आणखी वजन ठेवता येत असे. १८३१ च्या जूनमध्ये अमेरिकेत ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या आगगाडीच्या इंजिनाच्या फायरमनला सुटणाऱ्या वाफेचा आवाज सहन होईना, म्हणून त्यानं झडप दाबून धरली. बॉयलर फुटला आणि त्यात तो गेला. त्या फायरमनला मूर्ख म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पण आवाजाला वैतागलेला, दमलेला, काम उरकू पाहणारा माणूस प्रत्येक पाळीत असतो, आणि झडप त्याच्या हाताच्या टप्प्यात असते. त्याच्यासाठीच रचना करायला हवी.

ती १८५५ मध्ये जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरनं केली. दोन खांब, दोन्हींवर एकेक झडप, दोघींवर टेकलेली एक आडवी दांडी, आणि दांडीला मधोमध खाली ओढणारी एकच स्प्रिंग. दांडीचं टोक थेट ड्रायव्हरच्या हाताशी. लपवलेलं काही नाही, कुलूप नाही. ते टोक खाली दाबा : जवळची झडप घट्ट बसते आणि दूरची हलकी होते, वाफ तिकडून सुटते. वर उचला : दूरची बसते, जवळची सुटते. म्हणजे दोन्ही झडपा चालू आहेत ना, हे ड्रायव्हरला केव्हाही तपासता येतं. दोन्ही एकदम बंद मात्र करता येत नाहीत. माणसावर अविश्वास न दाखवता, त्याच्या हातात दांडी देऊन, त्याच्या चुकीची वाट बंद करणारी अशी दुसरी रचना मला माहीत नाही.

आमच्या झडपेवर तेच काम शिशाचा एक मणी करतो. वर टोपी, टोपीखाली स्प्रिंगचा दाब ठरवणारा स्क्रू, टोपीला ओवलेली तार आणि तारेच्या गाठीवर दाबलेलं सील. ती तार कुणीही पकडीनं तोडू शकतो, ताकद तिच्यात मुळीच नाही. तरी तीस वर्षांत तिच्यावर पकड ठेवताना माणसांचे हात थांबलेले मी पाहिले आहेत. तुटलेलं सील दिसलं की आम्ही झडपेवरचा आकडा खरा मानत नाही. ती उतरवून टेबलावर जाते. इथे चर्चा नसते.

सीलपेक्षा मला धास्ती वाटते ती गॅगची. हेडरची पाण्याच्या दाबानं चाचणी घ्यायची असते तेव्हा झडप उडू नये म्हणून टोपीच्या जागी एक लांब स्क्रू लावून स्पिंडल, म्हणजे चकतीवरची उभी दांडी, दाबून धरतात. चाचणी संपली की तो काढायचा. तो राहून गेला तर बाहेरून झडप जशीच्या तशी दिसते : पाटी आहे, पाइप आहे, रंगही ताजा आहे. मुकी झडप आणि बोलणारी झडप यांत लांबून काही फरक नसतो. म्हणून आमच्याकडे गॅगला लाल रंग, त्याला हातभर लांब लाल फीत, आणि गॅगची संख्या रजिस्टरमध्ये. सगळे गॅग मोजून पेटीत परत आल्याशिवाय वाफ सोडत नाहीत. झडपेच्या आधी किंवा नंतर बंद करता येणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचंही तेच. बॉयलरच्या सेफ्टीखाली तर तो चालतच नाही. रसायनांच्या कारखान्यांत देखभालीसाठी ठेवतात तिथे तो उघड्या स्थितीत कुलूपबंद असतो आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे.

काही झडपांच्या बॉनेटला, म्हणजे स्प्रिंगभोवतीच्या घराला, बाजूला एक बारीक भोक असतं. आत धातूचा भाता असलेल्या झडपेत हे भोक उघडंच राहायला हवं. बाहेरच्या पाइपातला दाब स्प्रिंगच्या बाजूला लागू नये म्हणून तो भाता असतो आणि तो फाटला तर त्याची खबर या भोकातूनच मिळते. दिसायला मात्र ते एखादा प्लग हरवल्यासारखं दिसतं. नीटनेटकेपणाची आवड असलेला एखादा भला माणूस तिथे प्लग बसवतो, किंवा रंगारी ते रंगानं बुजवतो. वाईट हेतूनं झडपा बिघडलेल्या मी फार पाहिल्या नाहीत. टापटिपीनं बिघडलेल्या पुष्कळ पाहिल्या.

झडपेच्या आसपास काम करणाऱ्यानं स्वतःला कसं ठेवावं, हेही त्या लोखंडाच्या आकारातच लिहिलेलं आहे. बाहेर जाणारं तोंड आडवं आहे, म्हणजे वाफ सुटताच झडपेला उलट दिशेनं धक्का बसणार. तिला जोडलेला पाइप स्वतःच्या आधारावर उभा हवा, झडपेच्या मानेवर लोंबकळता नको. तोंडाच्या रेषेत उभं राहायचं नाही, टूलबॉक्सही ठेवायची नाही. झडप हातानं उचलायचा लिव्हर ओढून पाहायचा तर हेडरमध्ये सेट दाबाच्या ७५ टक्के तरी दाब हवा आणि हात दोरीच्या दुसऱ्या टोकाला, कानात बोळे घालून. गळणाऱ्या झडपेला हातोडीनं ठोकून बसवू पाहणारा माणूस त्या साडेतीन किलोंशी खेळत असतो. झडप गळते की नाही ते बाहेरच्या पाइपाच्या तापमानावरून कळतं. आता त्यासाठी लांबून तापमान घेणारी बंदूक मिळते.

त्या पाइपाचं ऐकलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण जगाला माहीत आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात दाबनियंत्रकावरची झडप उघडली आणि मिटायच्या वेळी मिटली नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र मिटल्याचं दाखवत होता, कारण तो दिवा झडपेला दिलेला हुकूम दाखवत होता, झडपेची स्थिती नव्हे. बाहेरचा पाइप तापल्याचे आकडे समोर होते. झडपेमागची वाट बंद व्हायला दोन तासांहून अधिक वेळ गेला, आणि तोवर गाभ्याचं वितळणं थांबवण्याची वेळ निघून चालली होती.

पण माझ्या मनात या झडपेचा विचार नेहमी दुसऱ्याच प्रश्नापाशी येऊन अडतो. पाटीवर सेट दाब आहे, गळा आहे, तासाला किती वाफ सोडेल ते आहे. के गळ्याची झडप १० किलोला तासाला सहा-सात टन वाफ सोडते. ती सोडलेली वाफ कुठे जाणार, हे मात्र पाटीवर नाही. ते लिहायची जागाच नाही तिच्यावर. झडप भांड्याला वाचवते. माणसाला वाचवणं हे तिच्या तोंडापुढे लावलेल्या पाइपाचं काम आहे, आणि तो पाइप कुठे न्यायचा ते झडप बनवणारा ठरवत नाही, आपण ठरवतो.

एका कारखान्यात, जिथे मी उमेदीची काही वर्षं काढली, तिथे असा पाइप जाळीच्या वाटेवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीला संपत होता. वर्षानुवर्षं तो तसाच होता, कारण झडप कधी उडाली नव्हती. एका रात्री उडाली. चहाची किटली घेऊन जाणारा पोरगा तिथून नुकताच पुढे गेला होता. किटली त्याच्या हातातून पडली ती आवाजानं. त्याला काही झालं नाही, झडपेनंही तिचं काम चोख केलं होतं, आणि अहवालात ‘झडप योग्य दाबाला उघडली’ असं एक वाक्य होतं. ते वाक्य खरं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही पाइप छपराच्या वर काढला.

२३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा प्रमाणाबाहेर भरला. त्याच्या तिन्ही सुटका-झडपा उघडल्या. मनोरा फुटला नाही. पण त्यांचा पाइप जुन्या पद्धतीच्या, आकाशाकडे तोंड असलेल्या धुराड्याच्या टाकीत जात होता, सुटलेलं जाळून टाकणाऱ्या ज्वाळेच्या मनोऱ्याकडे नव्हे. धुराड्यातून ज्वालाग्राही द्रव कारंज्यासारखा उसळला आणि पेटला; जवळच कामासाठी लावलेल्या ट्रेलरांत माणसं बसली होती. १५ जण गेले, १८० च्या आसपास जखमी झाले.

आणि भोपाळ. डिसेंबर १९८४ च्या दोन आणि तीन तारखांमधली रात्र. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. त्यात पाणी शिरलं, रसायन तापलं, दाब चढत गेला. टाकीवर आधी फुटणारी एक पातळ चकती होती आणि तिच्यामागे सुटका-झडप. चकती फुटली, झडप उघडली. त्या झडपेचं रसग्रहण करायला बसलो तर मला एकही उणीव दाखवता येत नाही. ती उघडली, तिनं वायू सोडला, दाब उतरला तशी मिटली. टाकी फुटली नाही. वरच्या काँक्रीटला तडे गेले, पण टाकी शाबूत राहिली. झडपेच्या पुढे मात्र काहीच जागं नव्हतं. वायू धुऊन काढणारा स्क्रबर त्या लोंढ्यापुढे टिकला नाही. ज्वाळेच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या पाइपाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. झडपेनं जे भांड्याबाहेर काढलं ते झोपलेल्या वस्तीवर उतरलं. हजारो माणसं गेली, आणि जी राहिली त्यांतल्या कित्येकांची फुप्फुसं आणि डोळे त्या रात्रीतून अजून बाहेर आलेले नाहीत. झडप शिकायला नवी मुलं येतात तेव्हा मी स्प्रिंग, चकती, रिंग सगळं उघडून दाखवतो, आणि मग त्यांना बाहेरच्या पाइपाचा माग काढत शेवटच्या टोकापर्यंत चालत जायला सांगतो. कुणी पाइपावर वाकतं, कुणी शिडीनं छपरावर चढतं. टोकाशी पोचल्यावर आजूबाजूला काय दिसतं ते त्यांनी मला येऊन सांगायचं. कुणी सांगतं, समोर ऊसतोड्यांच्या खोपी दिसतात. तेवढं सांगितलं की त्या दिवसाचा धडा संपतो.

दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन होतं. मांडव, पूजा, चेअरमन आणि त्यांच्या पत्नीच्या हस्ते पहिला अग्नी, नारळ, पेढे. मला तो समारंभ मनापासून आवडतो. आगीला नमस्कार करून आग हाताळणारी माणसं पाहिली की बरं वाटतं. पण माझा सण त्याच्या पुढे असतो, वाफ चढल्यावर बॉयलर इन्स्पेक्टर सेफ्टी उडवून बघतात त्या दिवशी. १९२३ चा कायदा, १९५० चे नियम, २०२५ मध्ये जुन्याच्या जागी आलेला नवा कायदा. कागद बदलले, तरी झडपेसमोर उभं राहून तिला उघडताना आणि मिटताना पाहणं हे काही बदललेलं नाही.

त्याआधी दोन दिवस मी हेडरच्या झडपेकडे एकटाच जातो. तिच्या बाहेरच्या कोपराला तळाशी पेन्सिल जाईल एवढं भोक आहे. वाफेचं पाणी चकतीवर साचू नये म्हणून ते असतं. साचलं तर त्याचं वजन झडपेवर येतं, चकती गंजते, आणि झडप उडते त्या दिवशी पहिल्यांदा कढत पाण्याचा लोंढा बाहेर येतो. पावसाळ्यात कारखाना बंद असताना कुंभारीण माशीला हे भोक फार आवडतं. यंदाही तिनं घर केलं होतं. तारेनं हळूहळू कोरत गेलो तशी मातीची लहान लहान ढेकळं तळहातावर पडली, आत तिनं साठवलेले कोळी. शेवटी तार आरपार गेली आणि तिच्या मागून गंजकं, थंड पाणी आलं, सगळ्या पावसाळ्याचं.

वाफ चढली, इन्स्पेक्टर आले. मीटरचा काटा साडेनऊ, पावणेदहा. झडपेच्या बुडाशी बारीक सळसळ सुरू झाली. मी पोरांना हातानं मागे सारलं. दहाला ती उडाली, छपराच्या वर पांढरा खांब उभा राहिला, पायाखालची जाळी थरथरली, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. काटा साडेनऊवर आला आणि ती बसली. इन्स्पेक्टरनी वहीत आकडे लिहिले, मिस्त्रीनं तार ओवली, मणी दाबला. ते सगळे खाली गेल्यावर मी कोपराच्या भोकाखाली स्टीलची वाटी धरून उभा राहिलो. आधी धार आली, मग थेंब. दहा-बारा थेंबांनंतर थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. मी घड्याळ बघत पाच मिनिटं थांबलो. आणखी थेंब आला नाही.